उतारावरची पिवळी फुलं

गुडघ्याचं ऑपरेशन करून मार्लिस घरी परतली, तेव्हा तळ्यावरचा तिचा उतार साफ झालेला होता. शेजारचा ऑर्विल आणि त्याची बायको बर्निस यांनी न सांगता सगळं हॉकवीड, म्हणजे रानभर पसरणारं पिवळ्या फुलांचं परकं तण, उपटून टाकलं होतं. मार्लिसला भरून आलं. मोंटानाच्या त्या खोऱ्यात दुसऱ्याच्या रानातलं तण काढून देणाऱ्या शेजाऱ्याला घरचाच माणूस मानतात.

पण पाइनच्या झाडांखाली पिवळी फुलं डोलताना दिसली आणि बाईंचं डोकंच फिरलं. आपल्या उतारावर एक पिवळं फूल टिकत नाही, याचा तिला केवढा तोरा! आता आठवडाभरात बी उडणार. वाकून उपटणं शक्य नव्हतं, म्हणून ती एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तणनाशकाची बाटली घेऊन निघाली.

कुंपणापलीकडून ऑर्विल धावत आला. "अगं थांब! ती बाटली खाली ठेव आधी!"

"अर्धवट काम करायचं आणि वर मलाच दटावायचं?"

"बाई, ही परकी नाहीत. इथलीच आहेत."

"मग काय, हे हॉकवीड नाही म्हणतोस?"

"आहे की. पण आपल्या डोंगरांतलं. समुद्रापलीकडून आलेलं वेगळं. बघ तरी."

त्याने एक रोप हलकेच बोटांत धरलं. परक्याची पानं जवळजवळ सगळी जमिनीलगत, देठ उघडाबोडका, फुलं शेंड्याला दाटीवाटीनं. शिवाय जमिनीवरून पसरत जाणारे फुटवे, त्यांच्याच जोरावर ते रान गिळतं. याच्या देठावर वरपर्यंत पानं होती, फुलं मोकळ्या फांद्यांवर, आणि बुंध्याशी एकही फुटवा नव्हता. मार्लिसनं बाटली खाली ठेवली. दर वर्षी कळ्या धरल्या की ती सरसकट सगळंच ओढून काढायची.

"तुम्ही दोघं या वयात गुडघे टेकून एकेक रोप तपासत बसलात?"

"मी कसला तपासतोय! मी सगळंच उपटणार होतो. तू आलीस की माझं डोकं खाणार, ठाऊक होतं ना. बर्निसनं हात धरला माझा."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, राहू दे ही. मार्लिसनं फुललेली कधी पाहिलीच नाहीत."

 इतकी माया आपल्या वाट्याला कशी आली, हेच मार्लिसला कळेना. "अगं, गुडघा!" असं ऑर्विल म्हणतोय तोवर ती काठी टाकून गवतात बसलीसुद्धा.

"मला उठवू नकोस," डोळे पुसत ती म्हणाली. "बर्निसला हाक मार. तिच्याबरोबर बघायचीत मला."