वच्छलाबाई डब्यातून उतरत नाही

धाडच्या पुढं डोंगरावर खेळांचं मोठं रिसॉर्ट झालं. पाहुणे खालच्या गेटापासून वरच्या हॉटेलापर्यंत रोपवेच्या डब्यात बसून जायचे. हॉटेलात पोळ्या लाटणाऱ्या बाया मात्र पायवाटेनं डोंगर चढायच्या. वच्छलाबाईची सून पूनम त्यांच्यातलीच. तिला सातवा महिना लागला, तरी मॅनेजर शेखरचं एकच पालुपद : डबे पाहुण्यांसाठी आहेत.

तेव्हा वच्छलाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, तिकीट काढलं आणि डब्यात जाऊन बसली. वर पोचली, दार उघडलं. ही उतरलीच नाही.

"काकू, उतरा ना!" वरच्या स्टेशनात डब्यांवर असणारा दयाराम ओरडला. गावातलाच पोरगा.

"दार लाव बे. हवा लागून राह्यली."

डबे स्टेशनात हळू होतात, थांबत नाहीत. दार लागलं, डबा वळून खाली निघाला. खाली मॅनेजर उभाच होता. तो डब्याच्या बाजूनं चालू लागला.

"आजी, तुमची फेरी संपली."

"आजी तुह्या घरी. माह्या सुनेले डब्यात बसव, मंग उतरीन."

"अहो, नियम आहे की..."

तेवढ्यात दार लागलं. नियम काय होता ते पुढच्या फेरीत कळलं, आणि त्याचं उत्तर त्याच्या पुढच्या फेरीत मिळालं. दोर बंद करावा, तर बाकीच्या डब्यांतले पाहुणे अधांतरी लटकणार. वॉचमनला पुढं केलं, तर तो हात जोडून म्हणाला, "साहेब, या बाईले हात लावला तं माही माय मले घरात घेनार नाही."

मधल्या एका फेरीत अकोल्याचं एक कुटुंब तिच्या डब्यात बसलं. वर पोचेस्तोवर त्यांना सगळी हकीकत तोंडपाठ झाली होती. परत खाली आल्यावर ते मॅनेजरलाच जाब विचारू लागले.

"बरं, तुमच्या सुनेला बसू देतो," मॅनेजर घाम पुसत म्हणाला. "पण तिला एकटीलाच."

वच्छलाबाई पदर सावरून वर निघाली. दयारामनं पूनमला बोलावून ठेवलं होतं. तिचे हात पिठाचे.

"चाल, बस. सायबानं हो म्हटलं."

"मी एकटी नाही बसत, आत्याबाई."

"काऊन?"

"समता अन् महामाया रोज माही पिशवी घेऊन चढतात. त्या दोघीले पायवाटेवर सोडून मी वरून जाऊ?"

वच्छलाबाईचं डोकं तडकलं. इतकं भांडून मिळवलं, अन् ही बया पायानं लोटते! पण पूनम पोटाला हात लावून डब्याच्या बाजूनं चालत होती आणि सासूच्या डोळ्याला डोळा भिडवत होती. ही आपल्याहून हट्टी आहे, हे वच्छलाबाईला आवडलं नाही. थोडं आवडलंही.

ती धपकन परत बसली. "दयाराम, सायबाले फोन लाव. सांग, आता साऱ्याच बाया बसतीन."

खाली मॅनेजर म्हणाला, "त्यासाठी मालकांना विचारावं लागेल."

"विचार ना. मी कुठी जाऊन राह्यली?"

मालकाचा फोन लागेपर्यंत ऊन कलतं झालं. वच्छलाबाईची कंबर धरली, पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी मॅनेजर डब्याबरोबर चालत म्हणाला, "पाहुणे यायच्या आधी आणि गेल्यानंतर. सगळ्या बायकांना. उद्यापासून."

"आजपासून."

"आजी, उद्या..."

"आजपासून."

दार लागता लागता तो म्हणाला, "आजपासून!"

तरी ती उतरली नाही. पाहुणे पांगल्यावर बाया वरच्या स्टेशनात आल्या, लाजत, एकमेकींना पुढं ढकलत. "सरका वो, पोटुशी बाई हाये," म्हणत वच्छलाबाईनं पूनमला खिडकीशी बसवलं आणि डबा खच्चून भरला.

खाली पोचल्यावर आधी बाया उतरल्या, मग ती. मॅनेजर समोरच होता.

"उद्या सकाळी दार बंद दिसलं," ती म्हणाली, "तं मी परत येईन. अन् येताना भाकर बांधून आणीन."