काळी पाच लागते का?

हरल्या, हे आधीच सांगून टाकू. म्हणजे पुढे कुणी आशेवर राहायला नको.

बेंगळुरूच्या जयनगरात जमनाबाईंच्या घरी गाण्याच्या मंडळातल्या सगळ्या बायका एका फोनवर वाकल्या होत्या. फोनवर लिलाव चालू होता आणि लिलावात एक पायपेटी होती. जुन्या संगीत नाटकांत असायची तसली: खुर्चीवर बसायचं, भाता पायांनी मारायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. बायकांनी वर्गणी काढली होती. शेवटच्या क्षणी कुणा अनोळख्यानं बोली वाढवली आणि पेटी नेली.

"गेली," श्रीहरी म्हणाला. श्रीहरी म्हणजे जमनाबाईंचा जावई. फोनवरून पैसे भरणं हे मंडळातलं त्याचं काम.

"त्यानं जास्त दिले, त्यानं नेली. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?" महानंदा म्हणाली.

तोंड सगळ्यांत जास्त तिचंच पडलं होतं.

*

का, ते ऐका.

मंडळाच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला दर वर्षी पायपेटी पुण्याहून यायची. वाजवणाराही पुण्याहूनच यायचा, आणि तालमीत बायकांना पट्टी शिकवून जायचा. यंदा जमनाबाईंनी फर्मान काढलं: वाजवणारी घरची हवी. घरची म्हणजे महानंदा. बँकेत नोकरी, माहेर निपाणी. लहानपणी तिथल्या संगीत वर्गात तिचे पाय भात्याला जेमतेम पोचायचे तेव्हापासून ती पायपेटी वाजवायची. बेंगळुरूला आली आणि ते सुटलं. इथे मिळाली ती हातपेटी. एका हातानं भाता, एकाच हातानं सूर. "अर्धी मीच वाजते," असं ती म्हणायची.

जमनाबाई तिला चिडवायची संधी सोडत नसत. "आमची माणसं शहाजीराजांबरोबर आली हो या गावात. तुझी?"

"केएसआरटीसीच्या बसनं आली वो," महानंदा म्हणायची. "खिडकीची सीट होती."

*

आणि दुसऱ्या दिवशी, बँकेत डबा उघडत असताना, फोनवर हे:

नमस्कार महानंदा मॅडम. मी पायपेटीचा विक्रेता. लिलाव जिंकलेल्या ग्राहकाने माघार घेतली आहे. त्याच्या खालची बोली तुमची होती. तुमच्याच बोलीत पेटी तुम्हाला देऊ. निपाणीच्या माणसाच्या हाती कला जावी हीच इच्छा. आज पाचच्या आत सोबतच्या खात्यावर रक्कम भरावी. साइटवरून भरू नये, ते कमिशन कापतात.

निपाणी! त्याला निपाणीही ठाऊक!

ठाऊक असणारच. लिलावाच्या पानावर पेटीच्या फोटोखाली प्रश्न विचारायची जागा असते, आणि तिथलं सगळं सगळ्यांना दिसतं. बाकीचे तिथे दोन शब्द लिहितात: वजन किती, लाकूड कुठलं. महानंदानं आपल्या लोकांच्या रीतीनं लिहिलं होतं. आधी आपण कोण, मग माहेर कुठलं, सध्या कुठल्या मंडळात, मग प्रश्न, आणि शेवटी फोन नंबर, कारण नंबर न देता नुसतंच विचारणं उद्धटपणाचं दिसतं.

हे सगळं तिच्या मागाहून ध्यानात आलं. त्या क्षणी तिनं डबा तसाच झाकला, साहेबांना सांगून अर्धी रजा टाकली आणि रिक्षा पकडली. रहदारीतून जमनाबाईंच्या घरी पोचेपर्यंत चार वाजून गेले.

*

"भरू?" श्रीहरीनं अंगठा फोनवर धरलेलाच होता.

"भर, भर," जमनाबाई म्हणाल्या. "देवानं परत पाठवली. पाच वाजायला स्वल्पच वेळ आहे."

"एक विचारून घेते," महानंदा म्हणाली.

यात डाव नव्हता, हे नीट लक्षात घ्या. संशय अजून आलेलाच नव्हता. तिचं डोकं केव्हाच कार्यक्रमात जाऊन बसलं होतं. गाणारी माणसं आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात: पांढरी चार, काळी एक. जमनाबाईंचा सूर काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. वय झालं तरी त्या तिथून खाली उतरायला तयार नव्हत्या. जुन्या पेटीत एखादी पट्टी मुकी निघते, दाबली तरी लागत नाही. नेमकी तीच मुकी असली तर? लिलावाआधी विक्रेत्यानं काही पट्ट्यांचं सांगितलं होतं, पण काळी पाचचं नाव घेतलं नव्हतं.

महानंदा: काळी पाच लागते का?

तो: मॅडम, काळी नाही. फोटोत आहे तीच, तपकिरी.

महानंदा: तसं नाही. काळी पाच. नीट लागते ना?

तो: सध्या एकच पेटी आहे मॅडम. पाच लागत असतील तर आठवड्यात व्यवस्था करू. काळ्या रंगात पण मिळतील. आधी या एकीचे भरा.

महानंदानं ते मोठ्यानं वाचलं.

कुणी हसलं नाही. हसू यायला मध्ये जरा वेळ जावा लागतो.

*

"म्हणून काय झालं?" श्रीहरी म्हणाला. "दुकानदार असेल. विकणाऱ्याला वाजवता येतंच असं कुठंय? तबला विकणारा काय उस्ताद असतो?"

बरोबर होतं. महानंदालाही ते बरोबर वाटलं, आणि वाटावं अशी तिची फार इच्छा होती.

तिनं लिलावाचं पान उघडलं आणि फोटोखालच्या आपल्या त्या लांबलचक प्रश्नापाशी गेली. खाली विक्रेत्यानं लिलावाआधी दिलेलं उत्तर होतं. तिनं बोट ठेवलं.

मधल्या सप्तकातली काळी दोन मुकी आहे. वरच्या दोन पांढऱ्या कण्हतात. भाता नवा घातलाय. खोटं सांगत नाही बाई, येऊन वाजवून न्या.

"हा माणूस," महानंदा म्हणाली, "आणि तो माणूस, एक नव्हेत. याला काळी दोन कळते. त्याला काळा रंग कळतो."

मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. वीज आल्यावर खोली दिसते तसं. जिंकणारा मागे हटला, तर पुढच्याला दुसरी संधी मिळते, हे खरं. पण ती साइटवरून मिळते. आपल्या खात्यात, आपल्या निरोपांत येते, आणि पैसेही तिथूनच जातात. तिनं खातं उघडलं. तिथे निरोप एकच होता, कालचा: आपण लिलाव हरला आहात.

"म्हणजे साइटला ठाऊकच नाही?" श्रीहरीचा अंगठा बाजूला झाला.

"आणि यानं साइटवरून भरू नका म्हटलंय. वर पाचची घाई. बँकेत रोज बघते मी हे. लोक रडत येतात. आणि मी आज डबा टाकून आले!"

"पण खरी असली तर?" जमनाबाई म्हणाल्या. बाईंचा आवाज असा लहान झालेला कुणी ऐकला नव्हता. "मग गेली ना ग हातची. दुसरी कुठून येणार?"

महानंदानं साइटवरूनच खऱ्या विक्रेत्याला विचारलं: तुम्ही मला पेटी देऊ केलीय का? आणि फोन टेबलावर उताणा ठेवला.

*

तेवढ्यात त्याचाच फोन.

"मॅडम, दुसरी पार्टी पैसे घेऊन बसलीय. पाच वाजत आले. तुमच्यासाठी थांबलोय."

"थांबू नका," महानंदा म्हणाली. "द्या त्यांना."

"मॅडम, परत अशी मिळायची नाही."

"नाही मिळायची, माहितीये. ठेवते."

ठेवला.

पाच वाजले.

*

मग साइटवर उत्तर आलं.

बाई, मी फत्तेसिंग. इथल्याच शिवाजीनगरात माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. पेटी सकाळीच गेली, ज्यांनी जिंकली ते टेंपो घेऊन आले होते. मी कुणालाही निरोप पाठवलेला नाही. तुम्हाला जो आला तो चोर. पैसे दिले नाहीत ना? कृपा करून दिले नाहीत म्हणा.

महानंदानं लिहिलं: दिले नाहीत.

आता हसू आलं. पहिल्या हसल्या जमनाबाई. "काळ्या रंगात पण मिळतील!" आणि मग त्यांना थांबवेना. श्रीहरीनं पाणी आणलं. तेही सांडलं.

पण महानंदा हसता हसता थांबली.

"बोली लावणारी मी एकटी नव्हते," ती म्हणाली. "हरलेले आणखीही आहेत."

फोटोखाली प्रश्नांची जागा अजून उघडी होती. तिनं मराठीत लिहिलं, श्रीहरीनं तेच कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: पेटी विकली गेली आहे. दुसऱ्या संधीचा निरोप आला असेल तर तो खोटा. आपलं खातं तपासा, बाहेर पैसे भरू नका. या वेळी तिनं माहेर लिहिलं नाही. नंबर मात्र लिहिला. श्रीहरी "अहो, अहो" करत राहिला.

"चोराकडे तो आहेच," ती म्हणाली. "आता भल्या माणसाकडेही असू दे."

भल्या माणसाचा फोन लगेच आला. शिवकुमार, यशवंतपूरच्या एका शाळेतला संगीत मास्तर. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि दोन्ही अर्धी धापा टाकत.

"अक्का, मी पिन टाकत होतो. पिन! दोन आकडे टाकले होते. पोरांनी फराळ विकून जमवलेले पैसे. तेवढ्यात बायकोनं तुमचं लिहिलेलं दाखवलं. मलापण तेच, आज पाचच्या आत. मी म्हणालो थोडं उशिरा भरतो, तर म्हणाला सरी, बरं, सहाच्या आत. तुम्हाला कसं कळलं?"

महानंदा सांगायला लागली, "त्याला मी विचारलं, काळी..."

पण फोन तिच्या हातात राहिला नाही. जमनाबाईंनी तो घेतला होता, आणि आवाज परत आपल्या जागी चढला होता.

"ऐका मास्तर. मी जमनाबाई. तुम्ही रविवारी जयनगरला या, आमचा कार्यक्रम आहे. पोरांनाही आणा."

"येतो की, अक्का. पेटी ऐकायला येतो."

"पायपेटी नाहीये. साधी हातपेटीच आहे, आणि पेटी काय, घरोघर असते," जमनाबाई म्हणाल्या आणि महानंदाकडे बघून त्यांनी मान अशी ताठ केली, की जणू शहाजीराजांबरोबर हिलाही त्यांनीच आणलं होतं. "आमची पेटीवाली बघायला या."