माझे पाय कापले, त्याची गोष्ट

मी एक जुने तपासणीचे टेबल आहे. दवाखान्यात पडद्यामागे जे उभे असते आणि ज्यावर चढायला तुम्ही का-कू करता, तेच. घाबरू नका मित्रांनो, मी कधी कुणाला सुई टोचली नाही. ते काम करणारे वेगळे. मी फक्त पाठ टेकायला जागा देत आले.

आमच्या दवाखान्याचे थोरले डॉक्टर ताडमाड उंच होते आणि त्यांची पाठ कायमची दुखरी. "मला वाकावं लागू नये, असं टेबल करा," एवढेच त्यांनी सुताराला सांगितले. सुताराने त्यांच्या कमरेचे माप घेतले आणि त्या मापाने माझे पाय बेतले. सागाचे अंग, वर जाड गादी, गादीवर हिरवे रेक्झिन. चढण्यासाठी शेजारी दोन पायऱ्यांचे स्टूल. पहिल्याच दिवशी एक आजोबा धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "टेबल कसलं, माळाच बांधलाय की."

पण माझ्या भक्कमपणाचे सगळेच कौतुक करत. धिप्पाड ट्रकड्रायव्हर धाडकन आडवे झाले तरी मी कधी कुरकुरले नाही. थोरले डॉक्टर पोटावर बोटे ठेवून हलकेच टकटक करत आणि आत काय चालले आहे ते ओळखत. पोट बोलते, मित्रांनो. माणसाने आडवे होऊन गुडघे जरा दुमडले, की ते सैल पडते आणि मोकळेपणाने बोलते. बसलेल्या माणसाचे पोट मात्र मिटलेल्या मुठीसारखे असते.

बरीच वर्षे माझ्यापर्यंत न पोहोचलेली एक बाई होती. तिला सगळे टेलरमावशी म्हणत. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे झाले होते. हाताने चालवायच्या मशीनवर ती अख्ख्या गल्लीचे कपडे शिवत असे आणि चाकांच्या खुर्चीतून दवाखान्यात येत असे. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून तिचा धाकटा भाऊ आणि रस्त्यावरचा कुणीतरी मिळून ती खुर्ची वर चढवत. त्या काळी दवाखाने धडधाकट माणसांच्या मापानेच बांधलेले असत. आजारी माणसांसाठीची जागा, पण आत शिरायला अंगात ताकद हवी. आहे की नाही गंमत?

थोरले डॉक्टर मनाने चांगले होते. मावशीची नाडी, जीभ, डोळे सगळे ते खुर्चीतच बघत. फक्त बोलत भावाशी. "हिला भूक लागते का?" भाऊ मावशीकडे बघे, मावशी छताकडे बघे. एकदा ती म्हणाली, "डॉक्टर, लुळे पाय आहेत, जीभ नाही." डॉक्टर हसले, तिच्याशी दोन शब्द बोलले आणि पुढच्या वेळी परत भावाला विचारू लागले.

पुढे थोरल्या डॉक्टरांनी काम थांबवले आणि नव्या डॉक्टरबाई आल्या. त्या इतक्या ठेंगण्या, की मला तपासणीसाठी वापरायचे तर पेशंटच्या मागोमाग त्यांनाही स्टुलावर चढावे लागे. सिस्टर तोंडाला पदर लावून हसत. डॉक्टरबाईसुद्धा हसत.

एका सकाळी टेलरमावशी आली. चेहरा पांढराफटक. चार घास खाल्ले की पोट भरते, सारखे लघवीला जावे लागते, कापड कापताना कात्री जड वाटते, असे तिने सांगितले. "गॅसच्या गोळ्या द्या, नेहमीच्या."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "मावशी, तुमचं पोट शेवटचं कधी तपासलं होतं? आडवं झोपवून?"

मावशीने आठवून पाहिले. "कधीच नाही."

"मग आज बघू."

भाऊ लगेच पुढे झाला. "मी उचलून ठेवतो हिला."

"नको," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण भाऊ जागच्या जागी थांबला. "मागे मोठ्या हॉस्पिटलात पायाच्या एक्स-रेसाठी चौघांनी मला उचललं होतं. साडी कुठं, मी कुठं. कुणी विचारलं नाही, 'धरू का' म्हणून. मी काय धान्याचं पोतं आहे? गोळ्या द्या, नाहीतर मी निघते."

आणि ती खरोखरच खुर्ची वळवू लागली. मला वाटले, गेली ही. आत जे काय दडले असेल ते तसेच घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी तिला अडवले नाही. त्यांनी सिस्टरकडून मोजपट्टी मागितली. "मावशी, निघण्याआधी तुमच्या खुर्चीच्या बैठकीची उंची घेऊ द्या. तुम्ही वर येणार नाही ना? मग टेबल खाली येईल. उद्या या."

त्याच दुपारी मला घडवणाऱ्या सुताराचा मुलगा करवत घेऊन आला. "पायांमधल्या आडव्या पट्ट्या काढून वर ठोकाव्या लागतील, पण होईल," तो म्हणाला. तेवढ्यात काठी टेकत थोरले डॉक्टर दारात उभे राहिले. बातमी त्यांच्या कानावर गेली होती.

"टेबल कापताय म्हणे."

"हो सर. तुम्हाला सांगायला मीच येणार होते." डॉक्टरबाईंनी त्यांना मावशीची सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी माझ्या रेक्झिनवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे मी माझ्या पाठीच्या मापानं करून घेतलं. पेशंटच्या मापानं करावं, हे मला कधी सुचलंच नाही. तिचं पोट मी एकदाही बघितलं नाही." आणि काठी बाजूला ठेवून त्यांनी माझा पाय घट्ट धरला. "चालव रे करवत."

दुसऱ्या दिवशी मावशीची खुर्ची माझ्याशेजारी लागली. खुर्चीचा एका बाजूचा हात काढता येत असे. तो काढला, चाकांचा ब्रेक लावला. मावशीने माझ्या गादीवर तळवा टेकला. मशीनचे चाक फिरवून कमावलेले दंड ते! एक झोका, आणि ती माझ्यावर सरकून बसली. मग हळूच आडवी झाली आणि म्हणाली, "तुमच्या दवाखान्याचं छत आज पहिल्यांदा सरळ बघतेय. रंग द्यायला झालाय."

डॉक्टरबाईंनी तिचे पाय दुमडायची परवानगी मागितली आणि पोटावर हात ठेवला. एका जागी त्यांचा हात थांबला. आत नारळाएवढी गाठ होती.

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. गाठ गर्भाशयाची होती, कॅन्सरची नव्हती. पण तिच्यामुळे दर पाळीला जास्त रक्त जाऊन मावशीच्या अंगातले रक्त पार आटले होते. आणखी उशीर झाला असता तर ऑपरेशन जिवावर बेतले असते. डॉक्टरबाई स्वतः सोबत गेल्या आणि तिथल्या लोकांना म्हणाल्या, "आधी यांना विचारा, मग हात लावा." ऑपरेशन झाले आणि मावशी बरी झाली. गालांवर रंग आला, जिभेला तर आधीपासूनच धार होती.

त्यानंतर माझ्याकडे कोण कोण येऊ लागले! गुडघे धरलेल्या आज्या, आठव्या महिन्यातल्या लेकी, वजनामुळे स्टुलावर चढायला लाजणारे वाणीकाका. दारात पायऱ्यांशेजारी उतार झाला. पुढे काही वर्षांनी बटण दाबले की वर-खाली होणारे टेबल आले आणि मी मागच्या पडवीत गेले. माझ्यावर खोकी रचली. रेक्झिन फाटले. नव्या टेबलाचा मला राग आला नाही, पण पाठ टेकणाऱ्या माणसाची ऊब आठवत राहिली.

एक दिवस मावशीने मला दवाखान्याकडून मागून घेतले. आता तिच्या दुकानात मी कापड बेतायचे टेबल आहे. खुर्चीत बसून तिचा हात माझ्या दुसऱ्या टोकापर्यंत बरोब्बर पोहोचतो. परवा ब्लाउजचे माप द्यायला आलेली एक काकू म्हणाली, "पोट जड वाटतंय गं. आमच्या भागातले डॉक्टर बसल्या बसल्याच बघतात, मला टेबलावर चढवत नाही."

"मग तसं त्यांना सांग," मावशी टेप गुंडाळत म्हणाली. "आडवं झोपवून बघा म्हणावं. चढता येत नाही, हेही सांग. त्यात लाजायचं काय?"

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला फार शहाणपण नाही. एवढेच मागते. कुणी पायरीपाशी अडलेले दिसले, तर उचलायला धावण्याआधी विचारा, "तुम्हाला कसं सोपं जाईल?" आणि उत्तर ऐकायला थांबा. उत्तर ऐकून करवत लागणार असेल, तर खुशाल चालवा. आम्हा लाकडांना ते फारसे दुखत नाही.