गाडीतल्या अक्षता

"गाडी में हीटर तो है ना?" डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं आणि ह्यांनी छाती फुगवून सांगितलं, "है, है, बिलकुल है." गाडी घेऊन आठ वर्षं झाली, पण हीटर एकदाही लावला नव्हता, हे मात्र सांगायचं राहिलं. रत्नागिरीत हीटर कोण लावतो? जूनमध्ये बँकेने ह्यांना जयपूरला पाठवलं, तशी गाडीही आमच्याबरोबर आली, हीटरसकट.

आमची लेक अवनी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. जावई सैन्यात, तो लेहला. नात दीड महिना आधीच जगात आली, एक किलो आठशे ग्रॅमची. सतरा दिवस ती काचेच्या उबदार पेटीत आणि आम्ही काचेबाहेर. आता घरी न्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण वाटेत अंग गार पडता कामा नये. पडलं तर पुन्हा पेटी. जानेवारीतलं धुकं असं की तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. त्यात संक्रांत उलटल्यामुळे लग्नांचा सपाटा, भाड्याची एक गाडी मिळेना.

हे खाली जाऊन गाडी सुरू करून बसले. हीटरचा दांडा निळ्या खुणेवर होता, तो लाल खुणेकडे सरकवायचा, एवढंच काम. दांडा हलेना. ह्यांनी जोर लावला आणि दांड्याची टोपी हातात आली.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "सगळीकडे आपला धसमुसळेपणा!"

"अगं, तो आधीपासूनच अडकलेला होता."

"आठ वर्षांत एकदा हलवून बघायला काय झालं होतं?"

दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घरून निघून मेकॅनिकचं राजा पार्क येईपर्यंत मी हा विषय सोडला नाही. खरं सांगायचं तर मी भ्याले होते. भ्याले की माझं तोंड चालतं, कारण गप्प बसले तर रडू येतं. दोन वाजता बाळाला आणायचं होतं आणि अकरा वाजून गेले होते.

राजा पार्कात द्वारकाजी म्हणून एक म्हातारे मेकॅनिक होते. मफलरमधून नुसते डोळे दिसत होते. ह्यांनी बाळाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं दुसरं काम खाली ठेवलं. दांड्याला बोट लावून म्हणाले, "लीवर पे ज़ोर मत दो, साब. तार टूट जाएगी, फिर दो दिन लगेंगे."

दोन दिवस! मी ह्यांच्याकडे असं बघितलं की हे चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

द्वारकाजींनी रेडिओ काढला, पुढची पट्टी काढली, मग दांड्याची अख्खी चौकट बाहेर ओढून उजेडात धरली. दांडा जिथे सरकतो तिथेच लालसर काहीतरी दगडासारखं घट्ट बसलं होतं. पेचकसाने खरवडून त्यांनी तळहातावर घेतलं.

"ये तो चावल है! गाड़ी में चूहा है क्या?"

लाल तांदूळ. मी ओळखले. दर दसऱ्याला गाडीची पूजा मीच करायची. कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठ भरून आत उधळायच्या, वर नारळाचं पाणी शिंपडायचं. हे दरवर्षी म्हणायचे, "अगं, बाहेर टाक." मी म्हणायची, "देवाच्या कामात कंजुषी नको." आठ दसरे दांड्याच्या फटीत साठले होते.

आता हे बोलणार, मी मान खाली घातली.

"चूहा ही होगा," हे गंभीरपणे म्हणाले. "बहुत बड़ा है. मारने से भी नहीं जाता."

द्वारकाजींनी गरम पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन ते सगळं धुऊन काढलं, तारेला तेल दिलं आणि चौकट परत बसवली. दांडा एका बोटाने लाल खुणेपर्यंत गेला. मी झरोक्यापुढे हात धरला. आधी गार, मग कोमट, मग चांगली चटका देणारी हवा आली, आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू मला तिथेच, भर बाजारात आलं. ह्यांनी रुमाल पुढे केला.

दोन वाजता अवनी बाळाला घेऊन मागे बसली, मी शेजारी. गाडी आतून भट्टी झालेली. काचांवर वाफ धरली म्हणून ह्यांनी वारा पुढच्या काचेकडे वळवून पंखा जोरात केला, तसं काचेखालच्या जाळीतून काहीतरी टुणकन उडालं आणि थेट बाळाच्या दुपट्यावर येऊन पडलं. तांदळाचा एक लाल दाणा.

"आई, हे काय?" अवनी दचकली.

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. उंदराचं नाव पुन्हा घेता आलं असतं.

"माझ्या अक्षता," मी म्हटलं. "हीटर मीच अडकवला होता गं. आणि सकाळपासून बोलणी तुझ्या बाबांना."

मी दुपट्याखाली हात घालून बाळाचे पाय चाचपले. गरम होते. तो दाणा मी टाकला नाही, तिच्या कपाळाला लावून पदराला बांधला.

"दसऱ्याला पूजा होणारच हं," मी ह्यांना बजावलं. "पण बाहेरून."