फुआटिनोच्या काखेतली गाठ

काखेत गाठ आली, तेव्हा आपले दिवस भरले असं धरून फुआटिनोने अंत्यविधीची स्तोत्रंही निवडून ठेवली. नवऱ्याला, ईलियाला, कळल्यावर त्याने तिला सामोआच्या राजधानीतल्या, आपियाच्या, दवाखान्यात नेलं.

"मांजरानं ओरबाडलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पिल्लानं. संध्याकाळच्या प्रार्थनेत."

"मग हात नाही काढलात?"

"प्रार्थना चालू होती, बाई."

"पिसवांमुळे पिल्लाच्या नखांत जंतू येतात. त्याला काही होत नाही, गाठ आपल्याला येते. बरी होईल, घाबरू नका."

"बघ, देव पावला!" ईलिया म्हणाला.

"तो केव्हाच पावला असेल," फुआटिनो म्हणाली. "तुमची प्रार्थनाच आटपत नव्हती."

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर पिल्लू पुन्हा तिच्या मांडीवर चढलं. ईलियाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि दोन वाक्यांत आमेन म्हटलं.