शिशिर टेंभेकरचा पाय

शिशिर टेंभेकरने निवृत्त व्हायचं ठरवलं आणि स्वतःच एका हॉटेलात पत्रकार परिषद बोलावली. चार पत्रकार आले, त्यांतले दोघं त्याच्या वडिलांच्या ओळखीचे. शिशिर रडला. बत्तीस वर्षांचा माणूस. रणजीचे एकोणतीस सामने, आणि टी-ट्वेंटी लीगमध्ये दोन वर्षं सीमारेषेबाहेर बसून पाण्याच्या बाटल्या नेणं-आणणं. तिथे खेळायला मिळाले तीन सामने, धावा चव्वेचाळीस. एवढ्या कारकिर्दीवर तो असा रडला की देशाचं आता कसं होणार असं वाटावं. मी तो व्हिडिओ क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मधे पाहिला आणि अर्ध्यात बंद केला.

मी चित्रा बक्षी. रायपूरच्या समता कॉलनीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. त्याआधी तीन हंगाम मी राज्याच्या संघाबरोबर फिरले. पोरांचे खांदे, गुडघे, कंबरा माझ्या हाताखालून गेल्या, आणि कोणाला खरंच दुखतं आणि कोणाला सरावाला दांडी मारायची आहे हे मला पाच मिनिटांत कळायचं.

शिशिरला तर मी लहानपणापासून ओळखत होते. तात्यापारात त्याच्या वडिलांचं, अनंतरावांचं, खेळाच्या सामानाचं दुकान. मुलगा आठवीत असल्यापासून त्याचे फोटो त्या दुकानात लागलेले. दिसायला देखणा. घरच्या सपाट विकेटवर, ऊन चांगलं तापल्यावर, दमलेल्या गोलंदाजाला त्याने मारलेला कव्हर ड्राइव्ह खरंच बघण्यासारखा असायचा. चेंडू जरा उसळला की मात्र त्याचा मागचा पाय लेगच्या बाजूच्या अंपायरकडे निघायचा. संघात हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नसे. निवडसमितीचे लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत. मला तो 'दीदी' म्हणायचा, सकाळी न सांगता माझ्यासाठी बिनसाखरेची कॉफी आणायचा, आणि एकदा त्याने सोशल मीडियावर माझा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'ये नहीं तो टीम नहीं.' तो फोटो मी माझ्या आईला दाखवला होता.

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमचा रणजीचा सामना उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावात होता. सकाळी सात वाजता हॉटेलच्या खिडकीतून धुकं सोडून काही दिसत नव्हतं. आदल्या दिवशी सगळ्यांनी विकेट पाहिली होती. मैदान कुठे संपतं आणि विकेट कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये इतकी ती हिरवी होती. समोरच्या संघात साडेसहा फुटी एक वेगवान गोलंदाज होता. त्याने मागच्या सामन्यात एकाचं हेल्मेट फोडलं होतं आणि एकाची बरगडी. आणि दहा दिवसांनी लीगचा लिलाव होता. शिशिरचं नाव यादीत होतं.

सव्वासातला तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"दीदी, हॅमस्ट्रिंग खिंच गई लगता है."

"कधी?"

"रात को. सोते सोते."

मी त्याला टेबलावर पालथं झोपवलं. पाय वाकवायला सांगितला, हाताने विरोध दिला, मांडीमागचा स्नायू दाबून पाहिला. जिथे दाबीन तिथे तो कण्हत होता. टाचेवर दाबलं तरी कण्हला. मग मी त्याच्याशी त्याच्या आईबद्दल, शारदाकाकूंच्या संक्रांतीच्या लाडवांबद्दल बोलत राहिले आणि मधेच विचारलं, "कोणता पाय म्हणाला तू?" त्याने उजवा धरला. आला होता तेव्हा डावा धरून आला होता.

मग तो उठून बसला आणि हळूच मराठीत बोलला, जे तो क्वचितच करायचा.

"दीदी, आज बोट तुटलं तर माहं सगळं जाईल. दहाच दिवस राहिले. तू लिहून दे ना."

मी लिहून दिलं. डावा पाय, पहिल्या श्रेणीची, म्हणजे हलकी, दुखापत, पाच दिवस विश्रांती. माझ्या सहीला तेव्हा किंमत होती. कोचने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली जाऊन निरंजनला सांगितलं की तू खेळतोयस.

निरंजन वाघाडे हा सलामीचाच फलंदाज, शिशिरपेक्षा दोन वर्षांनी लहान. वडील रेल्वेत गार्ड, मूळचे वर्ध्याकडचे. दोन हंगाम संघाबरोबर फिरून त्याला एकही सामना मिळाला नव्हता. तो कोणाला कॉफी नेऊन देत नसे. त्याने नाश्त्याची अर्धी प्लेट तशीच ठेवली आणि पॅड शोधायला गेला.

आम्ही टॉस हरलो. चौथ्याच षटकात तो उंच गोलंदाज निरंजनच्या अंगावर आला आणि चेंडू ग्लोव्हजवर, अंगठ्यावर, बसला. मी धावत गेले. ग्लोव्ह काढला तर अंगठा वांग्याच्या रंगाचा. मी म्हटलं, "हे तुटलंय. बाहेर चल."

"बांधून दे," तो म्हणाला.

"निरंजन, हाड आहे ते."

"बांधून दे न ताई. पुन्हा कधी बोलावतील मले?"

मी बांधून दिलं. तो दोन तास खेळला. एकोणचाळीस धावा केल्या. आमचा सगळा संघ एकशे सोळात गेला, म्हणजे तिसरा हिस्सा त्याचाच. शेवटी शेवटी तो खालचा हात बॅटवरून सोडून एका हाताने चेंडू खाली दाबत होता.

शिशिर हे सगळं ड्रेसिंग रूममधून पाहत होता. त्याच्या पायावर बर्फाची पिशवी होती. ती मीच बांधली होती, कारण लिहून दिल्यावर बांधणं भाग होतं. तो उपमा खात होता आणि शेजारच्याला म्हणत होता, "इसके पैर देखो. पैर ही नहीं चलते इसके." मी तिथेच उभी होते. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल जे वाटलं ते आजही तसंच आहे, त्यात कमी काही झालेलं नाही. पण पिशवीतला बर्फ वितळला होता, तो बदलला.

दहा दिवसांनी शिशिर मूळ किमतीला विकला गेला. अनंतरावांनी तात्यापारात पेढे वाटले. निरंजनच्या अंगठ्यात दोन पिना बसल्या. तो परत खेळायला लागला तोवर हंगाम संपला होता आणि पुढच्या हंगामात दोन नवे पोट्टे आले. त्याची रणजी एका सामन्याची राहिली. आता तो रायपूरबाहेर, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये माल तपासणीच्या खात्यात आहे.

हे सगळं इथेच राहिलं असतं. पण निवृत्तीनंतर शिशिरला अकादमी काढायची होती, आणि त्याआधी अनंतरावांनी आपल्या मराठी मंडळींतर्फे त्याचा सत्कार ठरवला. रविवारी सकाळी, सभागृहात, दीडशे लोक. 'ज्यांनी घडवलं' म्हणून काही लोकांना मंचावर बसवलं होतं, त्यात मी. पहिल्या रांगेत निरंजन, त्याची बायको क्षमा आणि चार वर्षांची मुलगी. त्याला आग्रहाने बोलावलं होतं. काहून, ते नंतर कळलं.

शिशिर बोलायला उठला. संघर्ष, त्याग, रायपूरची माती. मग म्हणाला, "एक किस्सा कभी किसी को नहीं बताया." आणि सांगितलं की त्या डोंगरातल्या सामन्याच्या सकाळी त्याच्या मनात आलं, आपल्याला तर पुढेही संधी मिळेल, पण निरंजनला कधी मिळणार? म्हणून त्याने पायाचं निमित्त केलं आणि आपली जागा धाकट्या भावाला दिली. "लिलाव सर पे था. सबने कहा पागल है." त्याने निरंजनला मंचावर बोलावलं. लोक टाळ्या वाजवत होते. अनंतराव रुमालाने डोळे पुसत होते. निरंजन मंचावर आला, शिशिरने त्याला मिठी मारली, आणि निरंजनचे हात तसेच खाली लोंबत राहिले.

"चित्रादीदी गवाह हैं," शिशिर म्हणाला. "पूछ लीजिए."

त्याने माइक माझ्यासमोर धरला. हसत होता. मी मान डोलवीन याची त्याला इतकी खात्री होती की तो लोकांकडेच बघत होता.

मी उठले. म्हटलं, "हा घाबरला होता. विकेट हिरवी होती आणि याला लिलावाआधी बोट तोडून घ्यायचं नव्हतं. पायाला काही झालं नव्हतं. मला ते माहीत होतं, तरी मी खोटं लिहून दिलं. निरंजनवर याने कसलेही उपकार केलेले नाहीत."

माइक चालू होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. शिशिरने माइक खाली घेतला आणि म्हणाला, "दीदी मजाक कर रही हैं." दोन-तीन लोक हसलेसुद्धा. मग अनंतराव माझ्याजवळ आले. चेहरा पांढरा पडला होता.

"चित्रा, आपल्या माणसाचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुले?"

"काका, ते खरं आहे."

"खरं असन. आजच्या दिवशी बोलायची काय गरज होती?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं. ते गेले. सभागृहातले लोक जेवणाकडे वळले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि पंगतीतही रिकामीच राहिली, म्हणून मी न जेवता निघाले.

बाहेर निरंजन स्कूटरपाशी उभा होता. क्षमा मुलीला चपला घालत होती.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी तो नाश्त्याले जिन्यावरून धावतच खाली आला होता. दोन दोन पायऱ्या सोडून."

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"माह्याजवळ कागद नव्हता. तुमच्याजवळ होता." त्याने किक मारली. "तेव्हा काहून नाही बोलल्या, ताई?"

क्षमा मुलीला घेऊन मागे बसली आणि स्कूटर निघाली.

पंधरा दिवसांनी मला क्रिकेट कमिटीने बोलावलं. तिघं जण बसले होते. खोटं प्रमाणपत्र दिल्याबद्दल माझ्याकडून लेखी घेतलं आणि पुढे कोणत्याही संघाबरोबर काम करता येणार नाही असं सांगितलं. ते योग्यच होतं, मी सही केली. मी विचारलं, आणि ज्याच्यासाठी दिलं त्याचं काय? मधले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, खिलाड़ी तो डॉक्टर की बात मानता है." निघताना त्यांनीच दारापर्यंत येऊन विचारलं की जिना चढताना गुडघा दुखतो, क्लिनिकमध्ये कधी येऊ. मी म्हटलं, फोन करून या.

शिशिरने त्याच महिन्यात एका मुलाखतीत सांगितलं की त्या सकाळी तो मनाने खचलेला होता, मानसिक तणावावर आपल्या समाजात कोणी बोलत नाही, आणि ज्या व्यक्तीवर विश्वास टाकला तिनेच भर सभेत त्याचा तमाशा केला. ते ऐकून मी जरा वेळ विचार केला. त्या सकाळी तो 'मला भीती वाटते' एवढं म्हणाला असता तर मी त्याचा हात धरून बसले असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण तो भीती आहे असं कधी म्हणालाच नाही. आधी पाय म्हणाला, मग त्याग म्हणाला, आता तणाव म्हणतोय. अकादमी सुरू झाली आहे. प्रवेशाला रांग असते. फलकावर त्याचा कव्हर ड्राइव्हचा फोटो आहे.

कमिटीसमोर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी उरल्याला गेले. मिलच्या फाटकाबाहेर ट्रक उभे होते, झाडांची पानं धुळीने तपकिरी झालेली. निरंजन डबा खायला बाहेर आला. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं, पण त्याने चहाच्या टपरीवरचा बाक पुसून दिला.

"तू विचारलं होतं ना," मी म्हणाले. "तेव्हा का नाही बोलली."

"हव."

"भीती नव्हती रे. नोकरीचीही नव्हती. तो मला दीदी म्हणायचा, कॉफी आणायचा, सगळ्यांना आवडायचा. त्याला मी आवडते याचं मला बरं वाटायचं. बस, एवढंच. तू काही आणत नव्हतास."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या ताई. तो तसं म्हणाला नाही. भाकरीचा घास मोडताना त्याचा अंगठा वाकत नव्हता, तो चार बोटांनीच मोडत होता, आणि मी फिजिओ असून सहा वर्षांत एकदाही त्याला बोलावून तो पाहिला नव्हता.

"आता पाहू का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "जेवून राहिलो."

मग त्याने डबा संपवला, चहा माझ्यासाठीही सांगितला, आणि भोंगा झाल्यावर आत गेला.