पूजेत हाय ती

शिवकन्येच्या सासरी एक नेम होता. माणूस पूजेला बसला आणि इष्टलिंग डाव्या तळहातावर आलं, की त्याला हाक मारायची नाही. दारात गिऱ्हाईक उभं असो नाहीतर पाहुणा. सासरे होते तोवर निलंग्यातलं त्यांचं भांड्यांचं दुकान पूजा उरकल्याशिवाय उघडत नसे. ते गेल्यावर सासूबाईंनी, रत्नम्मांनी, तो नेम तसाच राखला.

बाकी या घरात कुणीही कधीही हाक मारावी, आणि ती बहुतेक शिवकन्येलाच असायची. "शिवकन्ये, दूध बघ." "शिवकन्या, माझा टावेल कुठाय?" "आई, शू!" अंजू तीन वर्षांची झाली, तरी तिच्या आईला सलग झोप नव्हती. पोळी लाटता लाटता डोळे वाहायचे. एकदा अंजूनं भरलेला तांब्या सांडला, तेव्हा शिवकन्येनं तिचे दंड धरून तिला इतकं गदागदा हलवलं, की पोर रडायचंच विसरली. त्या दिवसापासून शिवकन्येला स्वतःच्याच हातांची धास्ती बसली.

नवऱ्यानं, मल्लिनाथनं, तिला लातूरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. घरी मात्र थायरॉइडचं कारण सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गोळ्यांचं पुढच्या वेळी ठरवू. पण रोज थोडा वेळ फक्त तुमचा ठेवा. कुणी हाक मारणार नाही असा."

परतीच्या एस्टीत मल्लिनाथ हसला. "कुणी हाक मारणार न्हाई म्हणे! असा टाइम कुठं मिळतो ते मलाबी सांगा म्हणावं."

शिवकन्या खिडकीबाहेर बघत राहिली. औसा मागं पडलं तेव्हा तिला तो वेळ सापडला होता.

आजवर तिची पूजा म्हणजे कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीला हात जोडायचे आणि पळायचं. दुसऱ्या दिवशी तिनं डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. स्वयंपाकघरातून "शिव..." अशी हाक निघाली आणि मधेच तुटली.

"गप रं, पूजेत हाय ती," रत्नम्मा लेकाला दटावत कुजबुजल्या.

मंत्र तिच्या ओठांवर आलाच नाही. ती नुसती श्वास घेत राहिली. गार लिंग हळूहळू तिच्या हाताइतकं ऊबदार झालं. 'रागावू नको देवा,' ती मनात म्हणाली, 'मागत काही नाही. नुसता माझ्यापाशी बस.'

मग हे रोजचंच झालं. तिला झोप लागायला लागली. अंजूनं पाणी सांडलं की दोघी मिळून फरशी पुसायच्या आणि पुसता पुसता हसायच्या.

इकडं रत्नम्मांना सुनेला कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. मठात, बाजारात, जिथं तिथं तेच. "लिंग हातात घेतलं की हालत न्हाई बघा. तोंडावर तेज कसलं आलंय!"

एका सकाळी शिवकन्येनं डोळे उघडले, तर समोर गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या.

"शरणार्थी, शिवकन्या!" शेजारच्या माणिकप्पांची बायको नमस्कार करत म्हणाली. "तुझ्यापाशी बसलं की मन लई लागतंय गं."

"आता रोज येणार हायेत," रत्नम्मांनी जाहीर केलं. "तू मंत्र सांग, ह्या मागून म्हणतील. अन् उरकलं की चहा टाक. उपाशी आल्यात बिचाऱ्या."

चारआठ दिवस तिनं काढले. मग एकदा, कपबशा विसळताना, तिनं सासूबाईंना सांगून टाकलं. "अव्वा, मी पूजा करत नव्हते. नुसती बसत होते. कुणी हाक मारू नये म्हणून."

रत्नम्मांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "बघ, किती लपवती! खरा भक्त असाच बोलतो."

मल्लिनाथला सांगितलं, तर तो म्हणाला, "देवानंच तुला नीट केलं. आता लातूरला कशाला जायचं?"

झोप पुन्हा उडाली. बायका येत राहिल्या, चहा उकळत राहिला. परवा अंजूनं भरली किटली ओढून पाडली, आणि शिवकन्येचे हात पुन्हा तिच्या दंडांवर गेले. या वेळी पोर रडली, खूप वेळ रडली.

आज बायका गेल्यावर रत्नम्मा फणी घेऊन घरभर ओरडत होत्या. "अंजे! ए अंजे! कुठं मेली ही कार्टी?"

शिवकन्येला ती देवघराच्या कोपऱ्यात दिसली. मांडी घातलेली, कपाळभर विभूती फासलेली, डोळे घट्ट मिटलेले. पसरलेल्या डाव्या तळहातावर एक चिंचोका.

"यव्वा!" रत्नम्मांनी मागून येऊन आपलेच गाल धरले. "रक्तातच हाय गं! मल्लिनाथ, फोन आण, फोटू काढ!"

शिवकन्या लेकीसमोर उकिडवी बसली. "अंजू," ती हळूच म्हणाली.

अंजूनं एक डोळा उघडला. आई आहे असं बघून तो पहिल्यापेक्षा घट्ट मिटला. तिच्या दंडावर परवाची बोटं अजून उमटलेली होती.

शिवकन्येनं पुढं केलेला हात मागं घेतला. ती उठली, दाराशी गेली आणि फोन घेऊन येणाऱ्या नवऱ्याला तिनं उंबऱ्यातच अडवलं.

"हाक मारू नका," ती म्हणाली. "पूजेत हाय ती."